मागच्या बाकावरचा सूर

वाद्यार, आपल्या चर्चमध्ये मराठी बोलणारी आता मी एकटीच उरले आहे. तेव्हाही दोनच घरं होती, तुमचं आणि आमचं. बाकी सगळी मंडळी तमिळ, प्रार्थना तमिळ, भांडणंही तमिळच; गाण्याच्या मास्तरांना मीसुद्धा वाद्यारच म्हणायचे. गाण्याचा तास संपला की तुम्ही मला पाटीवर देवनागरी अक्षरं गिरवायला लावायचात आणि मी कुरकुरायचे, की तंजावरात हे वाचणार कोण. आता त्याच अक्षरांत तुम्हाला लिहिते आहे आणि वाचणारं खरंच कोणी नाही. सून विचारते, अम्मा, काय लिहिता एवढं? मी म्हणते, काही नाही.

तुमच्या घरात तुम्ही दोघं राहायचात, तुम्ही आणि दवाखान्यातले कंपाउंडर. तुम्ही बाहेरच्या खोलीत आम्हा मुलांकडून गीतं बसवून घेता आहात, ते आत रसमला फोडणी देताहेत आणि फोडणी देता देता आमच्याच गीताचा सूर गुणगुणताहेत, हे मला अजून ऐकू येतं. एकदा मी पुस्तकात डोकं घालून बेसूर गायले तेव्हा तुम्ही ओरडलात, "पुस्तक काय बघतीस गे? कान कुठे ठेवून ऐलीस?" माझे डोळे भरले. आतून कंपाउंडर तुमच्याकडून उचललेल्या मोडक्या मराठीत म्हणाले, "रागावू नका हो, मुलीस पहिलं कॉफी देतो." त्यांची मराठी ऐकून रडता रडता मला हसू फुटलं. त्यांनी ती भाषा कोणासाठी शिकून घेतली होती, हे कळायचं माझं वय नव्हतं. तुमचं एकमेकांवर प्रेम होतं, आमच्या आप्पा-अम्मांचं होतं तसंच, कदाचित थोडं जास्तच.

चर्चच्या पंचांची बैठक आमच्याच घरी झाली, कारण आप्पा पंचांपैकी एक होते. मी आणि अम्मा स्वयंपाकघरात इडलीचं पीठ वाटत होतो आणि दार नुसतं लोटलेलं होतं. पुरुषाने पुरुषाबरोबर असं घर करणं पाप आहे, पाळक म्हणाले; कंपाउंडरांना दुसरीकडे पाठवा आणि मंडळीसमोर उभं राहून क्षमा मागा. तुम्ही म्हणालात, "क्षमा मागण्याजोगं माझ्याकडे पुष्कळ अहे. हे त्यात नाही. आणि त्यांस कुठे पाठवू? ते घर त्यांचंही अहे." अम्माचा हात वाटता वाटता थांबला. नंतर जेवताना आप्पा ताक-भात कालवत म्हणाले, "चर्चात येऊं नको असं कोण म्हटलं त्यास? मागे बसू देत. मुलांना शिकवूं नये, प्रभुभोजन घेऊं नये, एवढंच." आपण फार दयाळूपणे वागलो, असंच आम्हाला सगळ्यांना वाटत होतं. या गोष्टीची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

कंपाउंडरांनी चर्चमध्ये पाय ठेवणं सोडलं. तुम्हाला सायकलवर डबलसीट घेऊन यायचे आणि उपासना संपेपर्यंत फाटकाबाहेर उभे राहायचे. तुम्ही शेवटच्या बाकावर. प्रभुभोजनाच्या वेळी आपल्याकडे वाद्य वाजवत नसत, आणि तुमच्या जागी आणलेल्या नव्या वाद्यारांना सूर काही केल्या सापडत नसे. पहिल्याच रविवारी गायकमंडळ तोंड उघडून नुसतं उभं राहिलं, तेव्हा मागच्या बाकावरून हलकी गुणगुण आली. आम्ही ती धरली. त्यानंतर वर्षानुवर्षं तेच चाललं. पाळक छताकडे बघत थांबायचे, आम्ही तुमच्याकडे कान लावायचो, सूर मिळाला की गायचो, आणि गात गात पुढे जाऊन भाकर खायचो, एकाच पेल्यातून द्राक्षरस प्यायचो. ज्याच्या सुरावर हे सगळं चालायचं त्याला मात्र एक तुकडा मिळत नव्हता. हे दिसत कोणाला नव्हतं? सगळ्यांना दिसत होतं, वाद्यार. सोयीचं होतं म्हणून चालू दिलं.

मी पहिल्यांदा प्रभुभोजन घेतलं त्या दिवशी तुम्ही मला फाटकापाशी थांबवलंत. "कसं लागलं गे?" मी तोंड पुसलं आणि म्हटलं, "आंबट." तुम्ही हसलात. "अजून तसंच अहे म्हण की." मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

शेवटच्या आजारात तुम्ही प्रभुभोजन मागितलंत. पाळक आले ते जुनी अट घेऊनच, आणि तुम्ही मान हलवून नाही म्हणालात. ते पेला झाकून परत गेले. दफनभूमीत भिंतीलगत जागा दिली, तीही उपकार केल्यासारखी. कबरीपाशी आम्ही गायला उभे राहिलो आणि सूर कोणालाच सापडेना. मी सवयीने मागे वळून बघितलं. मग भिंतीपलीकडून गुणगुण आली. कंपाउंडर सायकल धरून बाहेर उभे होते. त्यांना आत कोणी बोलावलंच नव्हतं. आम्ही त्यांचाही सूर घेतला, गीत पुरं केलं आणि घरी निघालो. फाटकापाशी त्यांनी मला विचारलं, "सूर बरोबर होता का?" मी थकलेल्या आप्पांचा हात धरून चालत होते. आप्पा थांबले नाहीत, मीही थांबले नाही. पुढच्या आठवड्यात कंपाउंडर गाव सोडून गेले, कुठे ते कोणी विचारलं नाही.

चर्चने पंचांच्या त्या ठरावाबद्दल आजवर चकार शब्द काढलेला नाही. आता मी मुलांना गीतं शिकवते. हा माझ्या वाद्यारांचा सूर, असं त्यांना सांगते, पण कानात असतो तो भिंतीपलीकडचा. आणि खरं सांगायचं तर हे पत्रही मी कंपाउंडरांनाच लिहायला हवं होतं. तुम्ही रागावाल आणि नंतर कॉफी द्याल हे ठाऊक आहे, म्हणून तुम्हाला लिहायला बसले. त्यांना तोंड दाखवायचा धीर अजून होत नाही. ते तिकडे तुम्हाला भेटलेच तर एवढं सांगा, सूर बरोबर होता.