तुमचा फोटो आणि अडलेलं नाव

बेंगळुरू, मंगळवार

तीर्थरूप आबांना, सांगोल्याकडं तोंड करून रुपालीचा नमस्कार.

मी बरी हाय. बिरुदादा सोबतीला हाय. जेवणही चांगलं मिळतंय. मेंढ्या व्याल्या का? आईचा गुडघा कसा हाय?

सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितल्यापरमाणं, फिट नेमकी कुठनं उठती ते बघाया मेंदूत बारीक तारा घातल्यात. दुखत न्हाय. आईला तेवढंच सांगा.

काल इथल्या डॉक्टर मॅडम, मूळच्या बेळगावच्या, मराठी बोलत्यात, फोटो दाखवत हुत्या. मी नाव सांगायचं आन् तारांतनं मेंदूची नोंद व्हायची. मधीच, तारंजवळची जागा कशाच्या कामाची ते कळावं म्हणून, त्यांनी एका तारंत हलका करंट सोडला. समोर तुमचा फोटो. मी वळखलं, पर नाव तोंडात येईना.

"हे कोण, रुपाली?"

मी नुसती रडाया लागले. करंट थांबला तशी वरडले, "आबा!"

मॅडम म्हणाल्या, "ही जागा आम्ही कापणार नाही." पर फिट तिथनं जेमतेम बोटभर अंतरावर उठती.

फिट उठती ती जागा काढायचं ऑपरेशन गुरुवारी हाय. सही मी केली. शुद्धीवर आल्यावर फोन मीच करीन. बोलताना अडखळले तर शब्द सुचवू नका, आबा. गप ऐकत ऱ्हावा.

तुमची लेक,
रुपाली