चार नंबरच्या गाडीचा हॉर्न

मी, सगुणा कोंडिबा फडतरे, वय ७४, अविवाहित, एसटीच्या वर्कशॉपमधली निवृत्त वरिष्ठ लिपिक, राहणार बोनकोडे, कोपरखैरणे, नवी मुंबई, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण त्यांची सही लागत नाही. मला कोणी दमदाटी केलेली नाही; तसा प्रयत्न आजवर ज्यांनी केला त्यांना काय मिळालं ते खाली येईलच.

कलम १. राहती खोली आणि बँकेतली शिल्लक माझी भाची उज्वला हिला द्यावी. ती माझा धाकटा भाऊ रणजीत याची मुलगी. माझ्या दोन्ही शस्त्रक्रियांच्या वेळी दवाखान्यात तीच होती. याच मृत्युपत्राची व्यवस्थाही तिने पाहावी.

कलम २. शिलाई मशीन तळमजल्यावरच्या सुंदराबाईंना द्यावं. ते त्यांच्याकडेच आहे. चार वर्षं झाली मागून नेऊन. आता ओशाळू नये.

कलम ३. पलंगाखालच्या दोन पत्र्याच्या पेट्याही उज्वलालाच द्याव्यात. यांत काय आहे ते नीट लिहिते, कारण उज्वलाचा भाऊ सनी खारघरहून येतो तेव्हा म्हणतो, "आत्या, टेन्शन घेऊ नको, मोबाईलमध्ये फोटो मारतो सगळ्याचे. पेपर कशाला पायजेत?"

आमचे वडील, म्हणजे आबा, खटाव तालुक्यातले. एसटी येण्याआधी तिकडे जोतिर्लिंग मोटार सर्व्हिसच्या सात गाड्या धावत. गावात नुसतं 'सर्व्हिस' म्हणत. आबा चार नंबरच्या गाडीवर ड्रायव्हर होते. १९४२ साली लढाईसाठी गाड्या हव्यात म्हणून सरकारने साताच्या साती नेल्या. नंतर पेट्रोल मिळेना म्हणून मागे कोळशाची भट्टी बसवलेली एक खटारा गाडी लोकांसाठी आली, ती चढावर ढकलावी लागे.

आबांची गाडी घेतल्याचा पंचनामा आमच्या गावच्या पारावर झाला. लष्करी कामासाठी गाडी मागून घेणं याला मराठीत काय म्हणायचं हे तिथल्या कारकुनाला ठाऊक नव्हतं. त्याला रोजचा शब्द ठाऊक होता. त्याने लिहिलं, 'जप्त'. चारचौघांत वाचून दाखवलं आणि खाली आबांचा अंगठा घेतला.

झालं. जप्ती चोराच्या मालाची होते, हे गावाला पक्कं माहीत. कोणी म्हणालं गाडीत दारू सापडली, कोणी म्हणालं पेट्रोल विकलं. आम्ही 'जप्तीवाले' झालो. १९७३ साली माझी सोयरीक याच एका शब्दावर मोडली. त्याचं दुःख मी दोन वर्षं केलं, पुढे तो मुलगा एका लग्नात दिसला आणि दुःख संपलं.

आबांनी मात्र कधी कोणाला उलटून उत्तर दिलं नाही. याचा मला फार राग येई. १९८३ साली, जायच्या चार दिवस आधी, त्यांनी कणगीतून फडक्यात गुंडाळलेला पितळी हॉर्न काढायला लावला. रबरी फुगा दाबून वाजवायचा, तसला. म्हणाले, "गाडी द्यायच्या आधी हारन म्याच काढून घेतला हुता, सगुणा. आठवन म्हनून. त्यासाठीच त्यांनी जप्ती लिवली."

एकेचाळीस वर्षं हा माणूस स्वतःला चोर समजत होता. तेव्हा मला जे रडू आलं ते अजून पुरतं थांबलेलं नाही.

मी कागद शोधायला लागले. रजा, नंतर पेन्शन आणि एसटीचा पास, सगळं त्यात घातलं. जुन्या ड्रायव्हरांची घरं, दप्तरखाने, लष्करी नोंदी. सातपैकी पाच गाड्यांचा माग मी लावला. दोन छावणीत पाणी वाहायला होत्या, दोन रंगरूट नेत, आणि चार नंबरची रुग्णवाहिका होऊन आसामकडे गेली. १९४४ नंतर ती सापडत नाही. उज्वलाला हौस असेल तर तिने शोधावी. सनीने खुशाल फोटो काढावेत, पण कागद रद्दीत गेले तर त्याला हिस्सा नाही, आणि तसाही नाही.

२०११ साली गाडी ताब्यात घेतल्याची पावती मिळाली. इंग्रजीत आहे. तिचा मराठी अर्थ असा: युद्धकार्यासाठी तात्पुरती घेतली. इंजिन उत्तम. चालकाने गाडी धुऊन आणली. हॉर्न नाही.

'हॉर्न नाही' एवढंच. ना दंड, ना गुन्हा. त्या कारकुनाला मी माफ केलं आहे. मीही पस्तीस वर्षं कारकुनीच केली, आणि घाईत हाताशी येईल तो शब्द कसा लिहिला जातो हे मला माहीत आहे.

कलम ४. रणजीतला माफ केलेलं नाही. आबांच्या दहाव्याला तो सगळ्यांदेखत म्हणाला, "काहीतरी केलंच असेल आबांनी, आक्का. उगाच कोण जप्त करतंय?" पावती मिळाली तेव्हा मी ती घेऊन करंजाड्याला त्याच्या घरी गेले. चष्मा नाही म्हणाला आणि टीव्ही लावला. म्हणून माझं भिंग त्याला द्यावं.

गावच्या जमिनीतला माझा हिस्साही त्यालाच जावा, पण आधी त्याने पुढील काम करावं. पावती गावच्या पारावर उभं राहून मोठ्याने वाचावी. 'धुऊन आणली' हे शब्द दोनदा वाचावेत. मग हॉर्न एकदा वाजवावा. आबांनी तो आम्हांला कधी वाजवू दिला नाही. फुगा मी पनवेलहून नवा आणून बसवला आहे.

त्यानंतर तो हॉर्न जवळच्या लष्करी कार्यालयात नेऊन द्यावा. तिथला माणूस गोंधळेल, परत घेऊन जा म्हणेल. रणजीतने हलू नये. पोच मागावी. पोचेवर आबांचं पूर्ण नाव असावं, आणि 'परत केला' असं लिहून घ्यावं. कोणी 'जप्त' लिहिलं, तर सही करू नये.

सही: सगुणा कोंडिबा फडतरे
स्थळ: बोनकोडे, कोपरखैरणे
दिनांक: १२ जानेवारी २०२५

सगुणाबाईंनी आमच्यासमोर सही केली व आम्ही त्यांच्यासमोर:
१. अभिराम दत्तात्रय लेले, शेजारी, निवृत्त शिक्षक
२. यशोदाबाई धर्मराज म्हात्रे, बोनकोडे