टाकीतले पाणी गार होण्याआधी

मी, गॉटलीब रायझनबिख्लर, वय एक्याऐंशी, राहणार ओबरश्टेटन, ऑस्ट्रिया. धंदा घरे तापवणाऱ्या गरम पाण्याच्या टाक्यांची रचना करणे, आता बंद. माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायदा गुडघ्यांबद्दल विचारत नाही. हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाखाली लिहिलेले नाही. दबाव आणायला घरात आहे कोण?

१. राहते घर मुलगी रोस्विता हिला. घराच्या मधोमध दोन मजली टाकी आहे. ती आधी उभी केली, भिंती मागाहून बांधल्या, त्यामुळे ती कुठल्याच दारातून निघणार नाही. चार मुले होतील असे धरून मी तिचे माप काढले होते. झाली एकच, आणि तीही घर सोडून गेली. आता संध्याकाळी एवढे गरम पाणी उरलेले मला बघवत नाही.

२. वेल्डिंगचे यंत्र व इतर अवजारे गावच्या अग्निशामक मंडळाला. गंज चढू देऊ नये.

३. माझा जुना भागीदार एगोन याला काहीही नाही. टाकीत गरम पाणी वर राहते, गार खाली. घर तापवून परत येणारे गार पाणी तळाशी इतके हळू सोडायचे की वरच्याला पत्ता लागू नये. एगोनने पैसे वाचवायला बारीक नळी घातली. पाणी जोरात घुसले, सगळे ढवळले आणि गिऱ्हाइकाच्या घरभर कोमट झाले. "नळी बारीक नव्हतीच," हे त्याचे पालुपद अजून चालू आहे. त्यावरून आमचा दोघांचा कारखाना मोडला. साक्षीदार म्हणून त्याला मुद्दाम बोलावले आहे, म्हणजे हे वाचावेच लागेल.

४. सरपणाचा ढीग शेजारीण ओटिलिए हिला. मी गेल्यावर तिने आधी रोस्विताला फोन करावा, मग पाद्रीबाबांना. टाकी तापवणाऱ्या माझ्या भट्टीत मात्र एकही लाकूड घालू नये. "मेल्यावरही हुकूम सोडणारच का रे?" असे ती विचारते. हो, सोडणार.

५. इथून पुढे रोस्विताशी बोलतो; याची एक प्रत तिला आजच टपालाने जाईल. वकिलांनी कान बंद करावेत. आईला पुरून आल्यावर तू दारातच म्हणालीस, "बाबा, टाकीला दिवसातून चारदा हात लावून बघता. आईच्या कपाळाला कधी लावलात?" आणि गेलीस ती गेलीसच. ते बोलणे मी अजून माफ केलेले नाही. तुझी आठवण येते, ती गोष्ट वेगळी.

मी रोज टाकी पूर्ण तापवतो. एकट्याला लागत नाही, पण मी कधी जाईन ते सांगता येत नाही, आणि मी गेल्यावर आठवडाभर तरी वरचे पाणी गरम राहील. फोन आला की निघ. घर विकायचे तर विक, टाकी कापायची तर काप. आधी अंघोळ कर. थंडीतून आलेली असशील. ते पाणी मी तुझ्यासाठी तापवलेले असेल.

ओबरश्टेटन, १९ नोव्हेंबर २०१९
सही: गॉटलीब रायझनबिख्लर

साक्षीदार:
१. सेव्हरिन मोझर, धुराडी साफ करणारा. समक्ष सही केली.
२. एगोन श्टाडलर. वाचले. नळी बारीकच होती. रोस्विताला स्टेशनवरून मी घेऊन येईन.