सहाशे बाराव्या भागाच्या दिवशी

१८ ऑगस्ट, सोमवार
ठरलं. दुपारच्या टीव्ही मालिकेत हासिंता आणि एल्विरा एकमेकींना मनातलं सांगतील, त्याच दिवशी मी अंपारोला सांगणार. आधी नाही. १९१३ सालच्या त्या दोघींनी एवढं सोसायचं आणि मी, लेस-बटणांचं दुकान चालवणारी सेहेचाळीस वर्षांची बाई, मध्येच घुसायचं? शिस्त हवी. आज भाग ६०४. फार तर आठवडा.

१९ ऑगस्ट
अंपारो तिचं औषधांचं दुकान दुपारचं बंद करून नेहमीसारखी चारला आली. म्हणाली, वायादोलिद शहरात मोठ्या दुकानात नोकरीला बोलावलंय, बारा सप्टेंबरपर्यंत कळवायचं आणि लगेच रुजू व्हायचं. जाऊ का गं? मी म्हटलं, थांब, एल्विरा हातमोजा काढतेय. खरंच काढत होती. ६०५ भागांत पहिल्यांदा.

२२ ऑगस्ट
चाहत्यांच्या ग्रुपवर हातमोज्याबद्दल चारशे मेसेज. पोलंडच्या एकीने चित्र काढलं, ब्राझीलच्या एकीने तीन प्रकरणांची कथा लिहिली. मी फक्त इतिहासासाठी ग्रुपमध्ये आहे. कथा दोनदा वाचली.

२५ ऑगस्ट, दु. ४.१०
अनर्थ. मालिकेच्या वेळेत सायकल शर्यत दाखवतायत. चौदा सप्टेंबरपर्यंत मालिका बंद.

२ सप्टेंबर
निषेध म्हणून ग्रुपतर्फे वाहिनीला सहाशे आठ बटणं पाठवली, भागागणिक एक. उत्तरादाखल सायकलस्वाराचा फोटो आला, सहीसकट.
अंपारो तरीही रोज चारला येते. शर्यत आवडते म्हणे. आई म्हणते, ती टीव्हीकडे बघतच नाही, तुझ्याकडे बघते. आईला मोतीबिंदू आहे.

७ सप्टेंबर, रविवार
अंपारोने जुन्या बाजारातून एक फोटो आणला. दोन शिवणकाम करणाऱ्या बायका, एकीचा हात दुसरीच्या कमरेवर. मागे शाईने लिहिलंय: आमची खोली, पहिला हिवाळा, १९११. अंपारो म्हणाली, या दोघींनी काही कुठल्या भागाची वाट पाहिली नसणार. मी भिंगातून बाह्यांची लेस तपासली. मशीनची निघाली. ते सांगायला मान वर केली, तर ती खिडकीशी, माझ्याकडे पाठ करून उभी होती. तिला जुन्या वस्तूंतलं फारसं कळत नाही.

१२ सप्टेंबर, शुक्रवार
अंपारोने विचारलं, तुला मला काही सांगायचंय का? मी म्हटलं, सोमवारपर्यंत थांब ना. सोमवारी काय आहे? म्हटलं, भाग ६०९. ती हसली, बराच वेळ. मग स्वतःचा कप विसळून पालथा घातला. इतक्या वर्षांत आमच्याकडे तिने कधी कप विसळला नव्हता. आई म्हणाली, जा ना तिच्यामागे. पण माझ्या पायात सपाता होत्या.

१८ सप्टेंबर, सायं. ५.०८
भाग ६१२. झालं. एल्विराने सांगितलं, हासिंता हो म्हणाली. चुंबन चार सेकंदांचं. मी बाजूला न बघताच, ठरल्याप्रमाणे, स्पष्ट आवाजात म्हटलं, अंपारो, मलाही तुझ्याशिवाय करमत नाही.
आई म्हणाली, मी आहे गं. ती गेली रविवारीच.
मग आईने वायादोलिदच्या बसचं वेळापत्रक माझ्या पुढ्यात ठेवलं. पहिली बस सकाळी सातची, सव्वा तासाचा रस्ता. जाणारच आहे. पण ग्रुपवर बातमी आहे की पुढच्या आठवड्यात एल्विरा क्यूबाला निघते, आणि तिच्यामागे बंदरावर जायचं की नाही, हे हासिंताला ठरवायचंय. ती काय करते तेवढं बघते, मग लगेच तिकीट काढते.