पन्नाशीचा दत्तक मुलगा

३ जून, सोमवार

सही केली नाही. नाही म्हणजे नाही!

कचेरीत सिलाव्वे साहेबांनी फाईल माझ्या टेबलावर आपटली. प्लॉट ११४. नव्याण्णव वर्षांचा भाडेपट्टा, बा मलामांच्या नावचा. तो आता न्गोसाच्या नावावर चढवायचा. आणि कारण काय लिहिलंय? 'आईकडून दत्तक मुलास बक्षीस.' म्हणजे कर शून्य!

न्गोसा पन्नाशीचा. सिमेंट-पत्र्याचं दुकान, तीन ट्रक. त्याची सख्खी आई धडधाकट, रविवारी चर्चमध्ये माझ्या पुढच्याच बाकावर बसते. बा मलामा म्हणजे आमच्या गावच्या जुन्या सुईणबाई, एकट्या. त्यांना या वयात मुलगा झाला?

"ही विक्री आहे, साहेब. विक्री म्हणूनच नोंदवीन."

"तुझ्या बापाचं काय जातंय, म्वापे?"

"बापाचं काही नाही. नोंदवही माझ्या ताब्यात आहे."

४ जून

म्हातारीला लुबाडलंय, दुसरं काय! संध्याकाळी त्यांच्याकडे गेले तर दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, "नदीकाठी माहेरी गेल्यात. कधी येतील, नेम नाही." बघितलं? घराबाहेरसुद्धा काढलं!

७ जून

न्गोसानं घरी मक्याच्या पिठाचं पोतं पाठवलं. पंचवीस किलो. आई म्हणाली, "जूनच्या एवढ्या थंडीत मी नाही ढकलत परत. तुझा ताठा, तू ढकल."

ढकललं. शेजाऱ्याची हातगाडी घेऊन थेट त्याच्या दुकानाच्या पायरीपर्यंत. अख्खा बाजार बघत होता. बघू देत!

न्गोसा म्हणाला, "परत करू नका हो, आई रागावेल माझी."

"कुठली? चर्चमधली की कागदावरची?"

सगळे हसले. तोही हसला — त्याचाच जास्त राग आला.

११ जून

बदली. कुत्र्यांच्या परवान्यांवर! दिवसभरात एक कुत्रा आला.

१२ जून

राजधानीच्या कर कार्यालयाला पत्र टाकलं. नाव, हुद्दा, सही सगळं घातलं. निनावी लिहायला मी काय चोर आहे?

साहेबांना कळलंच. "पेन्शनला किती वर्षं राहिली तुझी?" म्हणाले. अकरा, म्हटलं. आणि तुमची?

२० जून

काही नाही. दोन कुत्रे.

२८ जून

तपासणीस बाई आल्या. दोन तास फाईल घेऊन बसल्या. न्गोसानं मुकाट बँकेचे कागद पुढे ठेवले. सौदा पूर्ण किमतीचा — एक क्वाचा कमी नाही. म्हणजे लुबाडणूक नव्हती. मी जरा गडबडलेच. पण म्हणून खोटी नोंद खरी होते का? मग 'बक्षीस' कशाला लिहायचं?

'बक्षीस' खोडलं, वर 'विक्री' लिहिलं. लाल शाईनं, माझ्याच हातानं. साहेब खिडकीबाहेर बघत होते.

टेबल परत मिळालं! रात्री आईनं कपेंताची बारकी सुकी मासळी तळली, मी मक्याच्या पिठाचा न्शिमा दोनदा वाढून घेतला.

९ जुलै

बा मलामा आल्या. हातात कराची नोटीस. कर विकणाऱ्यावर बसतो. हे मला पाठ आहे, गेली वीस वर्षं! पण त्या लुबाडल्या गेल्या हे मी एकदा धरलं, आणि पुढे ही ओळ मनात आलीच नाही.

"मुलगा लिही, हे मीच सांगितलं त्याला," म्हणाल्या. "जगात मीच आणलं त्याला. तुलाही आणलं, पायाकडून आलीस, आडमुठी! पैसे माहेरच्या घराच्या विटांत गेले गं. आता कर कुठून भरू?"

नोंद बदलणार नाही, म्हटलं, मायो. विक्री ती विक्रीच. हप्त्यांचा अर्ज तेवढा लिहून देते.

लिहायला घेतला. त्या पुढे वाकल्या.

"हात थरथरतोय का गं तुझा? मला नीट दिसत नाही."

"नाही," म्हटलं.

खोटं बोलले.