माझ्या मोठ्या आवाजाची वाटणी

मी, गुरुप्रसाद त्र्यंबक गायधनी, वय त्रेपन्न, मूळ राहणार नाशिक, सध्या मंगफ, कुवेत, मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत इंजिनियर, पूर्ण शुद्धीवर व कोणाच्याही दडपणाविना हे मृत्युपत्र करतो. पुढच्या आठवड्यात माझ्या घशाचं ऑपरेशन आहे. जगलो तरी आवाज जाणार, असं डॉक्टर म्हणतात. आमच्या नाट्यमंडळात हळहळ पसरली आहे; थोडी सुटकाही वाटली असावी.

१. नाशिकचा फ्लॅट व सर्व ठेवी पत्नी सौ. चारुशीला हिच्या. लग्नापासून माझ्या तालमी तिनं स्वयंपाकघरातून सोसल्या. भरपाई अपुरी आहे.

२. काळा लांब कोट व नकली मिशा मंडळाला. हा कोट मी आर्नो केलरच्या भूमिकेसाठी शिवून घेतला. केलर म्हणजे माझा जर्मन सहकारी वाल्टर याचे आजोबा. लाइपझिगच्या रंगभूमीवर ते राजे रंगवत. बोलपट आले, ते सिनेमात गेले आणि तो आवाज मायक्रोफोनला सोसेना. मग दारवान, न्यायाधीश, मृत्यूची बातमी सांगणारा डॉक्टर अशी एकेका वाक्याची कामं त्यांच्या वाट्याला आली. तीही त्यांनी म्हातारपणापर्यंत राजाच्या थाटात केली. हे ऐकून मी पेटलो. नाटक लिहिलं आणि केलरही मीच झालो. दुसऱ्याला ती भूमिका देण्याइतका मी मोठा नव्हतो.

१९९८ साली इथल्याच सालमिया भागात प्रयोग झाला. माझ्या पहिल्याच वाक्याला स्पीकर किंचाळला. मी माइक बंद करायला लावला व दोन्ही अंक तसाच गर्जलो. पहिल्या रांगेत वाल्टर रडत होता. मराठीचा गंध नसलेला माणूस माझ्या अभिनयानं रडतोय, म्हणून मी आणखी चढलो. नंतर तो म्हणाला, "आजोबा घरीही असेच ओरडायचे. आम्ही पोरं टेबलाखाली लपायचो." आणि त्यानं मला घट्ट मिठी मारली. अभिनयाबद्दल काही बोलला नाही.

३. मंडळाचे अध्यक्ष विजय रेडकर तेव्हा म्हणाले होते, "नट बरा आहे, पण शेजारच्या हॉलमध्ये बसून पाहावा." त्यांना काहीही देऊ नये. शेरा उत्तम होता, एवढं मात्र कळवावं.

४. टेपरेकॉर्डर मुलगी जुईलीला, आतल्या कॅसेटसह. काल तिनं तो माझ्यापुढे धरला. "बाबा, से समथिंग. एनिथिंग." सगळी नाटकं पाठ असलेल्या मला एक वाक्य सुचेना. शेवटी म्हणालो, "जुईली, चल जेवायला. आमटी निवतेय." एरवी इंग्रजीत उत्तर देणारी पोर म्हणाली, "आले, बाबा." तोवर बटण बंद झालं होतं, म्हणून ते इथे नोंदवून ठेवतो.

वरील मजकूर वाचून, पटून, खालील दोघांसमक्ष सही केली.

गुरुप्रसाद त्र्यंबक गायधनी

साक्षीदार:
कासम मुल्ला, शेजारी
शत्रुघ्न पेडणेकर, सहकारी

मंगफ, कुवेत
७ ऑक्टोबर २००४