शिवक्काचा तांबडा कागद

३ जून
आमच्या कारखान्याच्या नव्या बरणीच्या डिझाइनचा अर्ज गेला. एमआयडीसीत सगळे पेटंट म्हणतात, म्हणू देत. खाली तांबडं पारदर्शक प्लास्टिक, वर दोन बोटं बिनरंगी पट्टी. आकार जुन्या साच्यातलाच. वकील म्हणाले, "नुसत्या रंगावर, पारदर्शकपणावर अर्ज टिकवणं अवघड. पण रंगांची मांडणी नवी असेल तर लढू. आधी कुणी बाजारात आणली नाही ना?"
म्हणालो, नाही. इतकं पटकन कसं म्हणालो.

४ जून
लिहूनच टाकतो. शेंगाचटणीवाली शिवक्का. मंद्रूपच्या बाजारात दोन वर्षं माझ्याच साध्या बरण्यांना मखरातला उरलेला तांबडा जिलेटीन कागद चिकटवून विकते. चटणी ताजी दिसते. वर पट्टी मोकळी का, मी विचारलं होतं. "गिऱ्हाइकाला खरी चटणी बी दिसाय पायजे की, अण्णा."
तिच्या कागदाचा रंग मी प्लास्टिकात आणला, एवढंच माझं. अर्जात सगळंच माझं.

१९ जुलै
डिझाइन कार्यालयाची हरकत आली. यात नवं काय, विचारतात. वकील खूश. "जुना नमुना त्यांना सापडलेला नाही. अशी बरणी आधी कुणी केली नाही, एवढं लिहून द्या. मग तुमच्याशिवाय कुणाला विकता येणार नाही." शिवक्कालाही नाही का, हे मी विचारलं नाही. उत्तराचा मसुदा घरी आणलाय. सही व्हायचीय.

२२ जुलै
शिवक्का बरण्या न्यायला युनिटवर आली. कुणीतरी तिला सांगितलेलं. वाटलं, भांडेल. उत्तरं तयार ठेवली होती, कसली ते इथंही लिहवत नाही. तर ही हसतच, "आपल्या बरणीला पेटंट मिळतंय म्हनं! सरकार पुरावा मागतंय व्हय? ह्यो घ्या." फोटो. बाजार, तांबड्या बरण्यांची रांग, खाली दोन वर्षांपूर्वीची तारीख. "तुमाला उपेगी पडंल."
आपल्या म्हणाली. चहा पाजला, पण तिच्याकडे बघता आलं नाही. लाज वाटते स्वतःची.

२३ जुलै
वकिलांना फोन. जुना फोटो निघाला तर?
"तर संपलं. आहे का?"
बघतो म्हणालो. पन्नाशीत खोटं बोलायला शिकतोय...

२५ जुलै
उद्या उत्तराची शेवटची तारीख. फोटो या वहीत, मसुदा टेबलावर, बिनसहीचा. दुपारी शिवक्काचा फोन.
"फोटो लावला का, अण्णा?"
लावतो म्हणालो.
"त्यात कोपऱ्यात मी बी दिसते. चालतंय न्हवं?"
चालतंय म्हणालो.